डिझाइनच्या नोंदणीला पुढे अर्थ राहील का?

प्रश्न असा आला आहे: "मी उत्पादनांचं डिझाइन करते. निम्मं काम आता स्क्रीनवरच्या रूपाचं असतं, नमुने थ्रीडी प्रिंटरवर निघतात आणि सुरुवातीचे पर्याय मी एआयकडून काढून घेते. अशा काळात डिझाइन नोंदणीच्या मागे लागावं का? की कॉपीराइट पुरेसा आहे? पुढच्या दहा-पंधरा वर्षांत या कायद्याचं होणार तरी काय?"

नोंदणी करा, आणि पूर्वीपेक्षा लवकर करा. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी या हक्काच्या मर्यादांबद्दल बरंच बोलणार आहे आणि त्यातून उलटा अर्थ निघायला नको. माझं मत असं आहे की डिझाइनचा कायदा येत्या काळात आजवर त्याच्या कक्षेत नसलेल्या कितीतरी गोष्टींना संरक्षण देईल. स्क्रीनवरची चिन्हं, हलणारी दृश्यं, खोलीची अंतर्गत मांडणी, कुठल्याही वस्तूत न उतरलेली आभासी रूपं, हे सगळं त्यात येतंय. पण त्याच वेळी एकेका नोंदणीतून मिळणारा हक्क अरुंद होत जाईल. कायद्यात काय लिहिलंय यापेक्षा तुम्ही अर्जात काय दाखवलंत आणि कोणत्या तारखेला दाखवलंत, यावर निकाल ठरतील. अनेक देशांत अर्ज भरताना आणि वाद लढताना मला हे बदलत चाललेलं दिसतं आहे.

हा कायदा जन्मला कापडाच्या धंद्यात. लिऑनच्या कारभाऱ्यांनी रेशमी कापडांच्या नमुन्यांची चोरी रोखण्यासाठी १७११ मध्ये हुकूम काढला. ब्रिटनने १७८७ च्या कायद्याने छापील कापडावरच्या नक्षीला हक्क दिला तो फक्त २ महिन्यांचा. हंगाम उलटला की नक्षीची कमाई संपायची, म्हणून तेवढी मुदत त्या धंद्याला पुरेशी वाटली. तिथपासून जवळपास सगळीकडे एक गृहीतक पक्कं झालं की डिझाइन म्हणजे कुठल्यातरी वस्तूचं रूप. आधी वस्तू, मग तिचं रूप. गंमत बघा, अमेरिकेतलं पहिलंवहिलं डिझाइन पेटंट (डिझाइनच्या नोंदणीकृत हक्काला तिथे हेच नाव आहे) १८४२ मध्ये जॉर्ज ब्रूस यांना मिळालं ते छपाईच्या अक्षरवळणांसाठी. म्हणजे जी गोष्ट शेवटी कागदावरच्या आकृतीतूनच ओळखली जाते, ती पहिल्या दिवसापासून या कायद्याच्या दारात उभी होती.

आज ते गृहीतक सुटतंय, आणि भविष्याबद्दलची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. जपानने १ एप्रिल २०२० पासून लागू केलेल्या दुरुस्तीने वस्तूत साठवलेल्या नसलेल्या, क्लाउडवरून येणाऱ्या किंवा भिंतीवर, रस्त्यावर प्रक्षेपित होणाऱ्या प्रतिमांनाही डिझाइन मानलं. इमारतींचं बाह्यरूप आणि अंतर्गत सजावटही त्यात आणली, आणि मुदत अर्जाच्या तारखेपासून २५ वर्षं केली. युरोपीय संघाने २०२४ च्या शेवटी सगळ्या सदस्य देशांत थेट लागू होणारा नवा नियम आणि सोबत त्या देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायची नवी निर्देशिका आणली. नियमाचा मोठा भाग १ मे २०२५ पासून लागू झाला. तिथल्या नव्या व्याख्येत उत्पादन भौतिक वस्तूत उतरलेलं असो वा अभौतिक स्वरूपात असो, दोन्ही चालतं, आणि रूपामध्ये हालचाल, एका अवस्थेतून दुसरीत जाणं, म्हणजे ॲनिमेशन, स्पष्टपणे धरलं आहे. संगणक प्रणाली मात्र आजही बाहेर आहे. तुमच्या ॲपमधलं बटण दाबल्यावर ते ज्या पद्धतीने फुलतं ते डिझाइन आहे. त्यामागचा कोड नाही.

भारतात गाडी अजून वस्तूपाशीच अडकलेली आहे. २००० चा डिझाइन कायदा 'वस्तूला लागू केलेलं' रूप मागतो, आणि स्क्रीनवरच्या रूपाचे अर्ज यावरूनच वर्षानुवर्षं नाकारले गेले. स्क्रीनच्या रूपाला आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात १४-०४ असा स्वतंत्र उपवर्ग आहे, भारताच्या नियमांतही तो आहे, तरी नकार येत राहिले. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये यूएसटी ग्लोबल या कंपनीच्या प्रकरणात असा सरसकट नकार टिकत नाही असं म्हटलं. योग्य निकाल होता तो. पण एका उच्च न्यायालयाच्या निकालावर अख्खा उद्योग उभा राहू शकत नाही. व्याख्याच बदलावी लागेल, आणि माझ्या अंदाजाने ती बदलेल, कारण बाकीचे मोठे बाजार बदलून बसले आहेत.

अमेरिकेत वस्तूचा प्रश्न वेगळ्या जागी टोचतो: पैशात. तिथे डिझाइन पेटंटचं उल्लंघन सिद्ध झालं की उल्लंघन करणाऱ्याचा संपूर्ण नफा मागता येतो. या तरतुदीची मुळं गालिच्यांच्या खटल्यांत आहेत. १८८० च्या दशकात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नक्षी चोरल्याबद्दल नाममात्र ६ सेंटची भरपाई ठरवली आणि त्यावर तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, १८८७ मध्ये कायदाच बदलला. गालिच्याच्या बाबतीत संपूर्ण नफा ठीक, कारण गिऱ्हाईक नक्षी बघूनच गालिचा घेतं. फोनच्या बाबतीत काय? ॲपल आणि सॅमसंगच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं की नफा ज्या 'वस्तू'वर मोजायचा ती अख्खा फोनच असली पाहिजे असं नाही, त्याचा एक घटकही असू शकतो. तो घटक ओळखायचा कसा, हे मात्र सांगितलं नाही. पुढे २०१८ मध्ये ज्युरीने डिझाइन पेटंटांसाठी ५३ कोटी ३० लाख डॉलरहून जास्त रक्कम ठरवली आणि नंतर दोघांनी तडजोड केली, त्यामुळे प्रश्न तसाच राहिला. वस्तूशिवायचं डिझाइन जसजसं वाढेल तसतसा हा हिशेब अधिक अवघड होत जाईल.

आता हक्क अरुंद होतोय असं मी का म्हणतो ते. तुम्ही डिझायनर आहात म्हणून यावर जरा जास्त वेळ घालवतो. पैसा इथेच वाया जातो.

नोंदणीकृत डिझाइनमध्ये तुमचा हक्क म्हणजे तुम्ही जोडलेली चित्रं. कल्पना नाही, संकल्पना नाही, उत्पादनाची गोष्ट नाही. ट्रंकी या लहान मुलांच्या बसून ओढायच्या सूटकेसचं प्रकरण प्रत्येक डिझायनरने समजून घ्यावं. नोंदणीत संगणकावर केलेली, राखाडी छटांची सहा दृश्यं दिली होती. त्यांत चाकं आणि पट्टे बाकीच्या अंगापेक्षा गडद दिसत होते आणि अंगावर कुठलीही सजावट नव्हती. प्रतिस्पर्ध्याने तशीच सूटकेस काढली, पण तिच्यावर प्राण्यांचे रंग-पट्टे होते आणि एकूण छाप वेगळी पडत होती. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये दावा नाकारला. कल्पना मौलिक आणि हुशारीची आहे हे न्यायालयाने मान्य केलं, पण हा हक्क डिझाइनला मिळतो, कल्पनेला नाही, असं सांगितलं. नुसती रेखाचित्रं दिली असती तर आकारावर जास्त रुंद हक्क मागता आला असता. रंगछटा दाखवली की ती हक्काचा भाग होते आणि नक्कल करणाऱ्याला तेवढी सुटायला जागा मिळते.

म्हणून अर्जाआधी मी एकच प्रश्न विचारतो: यातलं काय उचललेलं तुम्हाला सहन होणार नाही? उत्तर बहुतेक वेळा एखादी कड, झाकणाचा उतार किंवा दोन भागांच्या जोडणीची रेषा असतं. मग तोच भाग सलग रेषेत आणि बाकी सगळं तुटक रेषेत दाखवायचं. तुटक रेषा म्हणजे हे आम्ही मागत नाही, असं सांगणं. चीनने १ जून २०२१ पासून वस्तूच्या फक्त एका भागाच्या डिझाइनलाही दरवाजा उघडला आणि मुदत १५ वर्षं केली. तिथे उत्पादन होत असेल तर हा बदल फार मोलाचा आहे. युरोपात आता एका अर्जात ५० पर्यंत डिझाइनं घालता येतात आणि ती सगळी एकाच वर्गातली असण्याची अट गेली आहे. एकच वस्तू पूर्ण रूपात, फक्त आकारात, फक्त महत्त्वाच्या भागात आणि रंगासकट अशी वेगवेगळी दाखवा. एकच चकचकीत जाहिरातीचा फोटो जोडून नोंदणी करणं हे मी तरी काम मानत नाही. तशा नोंदण्या मी वादात कोसळताना पाहिल्या आहेत आणि मालकाला तोवर वाटत असतं की आपण सुरक्षित आहोत.

युरोपातली नवी निर्देशिका चलचित्रं आणि संगणकीय त्रिमितीय प्रतिमाही अर्जात चालतील असं म्हणते. हलणाऱ्या रूपांसाठी हे हवंच होतं. पण सावध राहा: व्हिडिओत जितकं जास्त दिसतं तितकं जास्त तुमच्या हक्काला चिकटतं. दोन सेकंदांचं स्वच्छ दृश्य मिनिटभराच्या सादरीकरणापेक्षा कामाचं.

अरुंद होण्याचं दुसरं कारण म्हणजे गर्दी. तुलना करताना जाणकार वापरकर्त्याच्या नजरेला एकूण छाप वेगळी वाटते का, हे युरोपात पाहतात, आणि त्या क्षेत्रात आधीपासून किती रूपं अस्तित्वात आहेत हेही पाहतात. आसपास फार कमी पर्याय असले तर तुमच्या डिझाइनभोवतीचं कुंपण रुंद पडतं. हजारो जवळजवळ सारखी रूपं असली तर लहान फरकावरही नवी नोंदणी टिकते. पण त्याच लहान फरकावर प्रतिस्पर्धीही सुटतो. एआय ही गर्दी झपाट्याने वाढवतंय. खुर्ची, दिवा, बाटली, बूट यांची हवी तितकी रूपं कुणीही काढून नेटवर टाकू शकतो, आणि प्रकाशित झालेलं चित्र नावीन्याच्या आड येतं, मग ती वस्तू कधी बनली असो वा नसो. युरोपीय कायद्यात एक झडप आहे: त्या क्षेत्रातल्या जाणकार मंडळींना व्यवहाराच्या ओघात जे कळण्यासारखंच नव्हतं ते प्रकाशन धरत नाहीत. आजवर हा बचाव फार क्वचित चालला आहे. यंत्राने ढिगाने ओतलेल्या चित्रांच्या बाबतीत न्यायालयांना त्याचा अर्थ नव्याने लावावा लागेल, आणि माझ्या मते लावायलाच हवा. ज्याच्याकडे कुणी माणसाने निवड म्हणून पाहिलेलंसुद्धा नाही, त्या चित्राने खऱ्या कामाचं नावीन्य मारून टाकणं हे या कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे.

अमेरिकेतही वारा त्याच दिशेचा आहे. तिथल्या पेटंटांची अपिलं ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मे २०२४ मध्ये एलकेक्यू विरुद्ध जनरल मोटर्स या मोटारीच्या फेंडरच्या वादात जुनी कसोटी मोडीत काढली. आधी डिझाइन उघड-उघड सुचण्यासारखं होतं असं दाखवायला जवळपास तसंच दिसणारं एक जुनं डिझाइन लागायचं. आता कसोटी लवचीक झाली आहे. डिझाइन पेटंट पाडणं त्यामुळे पूर्वीइतकं कठीण राहिलेलं नाही.

एआयच्या बाबतीत 'डिझायनर कोण' हा प्रश्न लोक आधी विचारतात. अमेरिकेत पेटंटावरचा संशोधक, म्हणजे शोध लावणारा, नैसर्गिक व्यक्तीच असला पाहिजे हे २०२२ च्या थेलर निकालाने पक्कं झालं. तो निकाल शोधांच्या पेटंटाबद्दल असला तरी डिझाइन पेटंट त्याच कायद्याखाली येतात. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात मानवी कर्ता नसलेल्या संगणकनिर्मित डिझाइनचा कर्ता म्हणजे त्यासाठीची व्यवस्था करणारी व्यक्ती, अशी तरतूद आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे सरकारने डिझाइन कायद्यावर जी जाहीर सल्लामसलत सुरू केली, तिच्यात ही तरतूद काढावी का हाही मुद्दा आहे. तुमच्यासारखं काम करणाऱ्याला या वादाने घाबरायचं कारण नाही. तुम्ही शंभर पर्यायांतून तीन निवडता, त्यांची प्रमाणं बदलता, जोडणी नव्याने काढता. तिथे डिझायनर तुम्हीच. फक्त त्या निवडीचा माग ठेवा: कोणते पर्याय टाकले, का टाकले, कोणती रेषा हाताने बदलली. तारखेसकट फाइली जपा.

त्याहून गंभीर धोका मला दुसरीकडे दिसतो, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. केवळ तांत्रिक कार्यामुळे आलेल्या रूपाला डिझाइनचं संरक्षण नसतं, हे जवळपास सगळीकडे आहे. पूर्वी बचाव सोपा होता: तेच काम दुसऱ्या आकारानेही होतं, म्हणजे आमचा आकार ही निवड आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये डोसेराम प्रकरणात ही वाट बंद केली. वेल्डिंगमध्ये वापरायच्या सिरॅमिक खुंट्यांचा तो वाद होता. पर्यायी आकार आहेत की नाहीत हे निर्णायक नाही. ती वैशिष्ट्यं निवडताना तांत्रिक कार्य हाच एकमेव विचार होता का, दिसण्याचा काही वाटा होता का, ते पाहायचं, असं न्यायालय म्हणालं. आता आजचं काम बघा. तुम्ही भार, वजन आणि साहित्य सांगता. प्रणाली कमीत कमी साहित्यात सर्वांत मजबूत सांगाडा काढून देते. तो हाडांसारखा, जाळीदार, देखणा दिसतो. पण त्या सौंदर्याचा निर्णय कुणी घेतलाच नाही. वादात समोरचा वकील तुमच्याच प्रणालीच्या नोंदी मागवेल आणि दाखवेल की इथे फक्त गणित होतं. अशी देखणी रूपं पुढच्या काळात मोठ्या संख्येने संरक्षणाबाहेर पडतील असं मला वाटतं. उपाय कामाच्या पद्धतीत आहे. गणिताने दिलेल्या रूपावर तुम्ही जिथे दिसण्यासाठी बदल केलात, तो टप्पा वेगळा ठेवा, आणि नोंदणी त्या बदललेल्या भागांवर केंद्रित करा.

सुट्या भागांबद्दल माझं मत ठाम आहे आणि ते सगळ्या उद्योगांना आवडत नाही. गाडीचा बॉनेट किंवा दिवा तुटला तर मूळ रूप परत आणायला तसाच दिसणारा भाग लागतो. दुसरं डिझाइन तिथे चालतच नाही. अशा ठिकाणी डिझाइनचा हक्क रूपाचं रक्षण करत नाही, दुरुस्तीचा बाजार बंद करतो. ऑस्ट्रेलियाच्या २००३ च्या कायद्यात दुरुस्तीचा बचाव आहे. जर्मनीने २०२० मध्ये दुरुस्तीची मुभा आणली. युरोपीय संघाने आता ती संपूर्ण बाजारासाठी केली आहे: ज्याचं रूप मूळ उत्पादनाच्या रूपावर अवलंबून आहे असा भाग, फक्त मूळ रूप परत आणण्यासाठी बसवला जात असेल, तर डिझाइनचा हक्क अडवू शकत नाही. भाग कुणी बनवला हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. सदस्य देशांत आधीपासून असलेल्या हक्कांसाठी ९ डिसेंबर २०३२ पर्यंतची सवलत ठेवली आहे. अमेरिकेत अशी मुभा नाही. दुरुस्तीच्या हक्काची मागणी सर्वत्र वाढते आहे, त्यामुळे ही मुभा मोटारींवरून घरगुती यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांकडे सरकेल. तुमच्या उत्पादनाची कमाई बदली भागांवर उभी असेल, तर तो आराखडा आत्ताच बदला.

थ्रीडी प्रिंटिंगबद्दल थोडक्यात. युरोपात आता वस्तू बनवण्याच्या हेतूने डिझाइनची फाइल तयार करणं, उतरवून घेणं, नक्कल करणं, इतरांना देणं हेही उल्लंघनात येतं. म्हणजे कारखाना सापडेपर्यंत थांबायला नको. फाइल वाटणाऱ्यालाच गाठता येतं. घरी, स्वतःपुरतं, बिनव्यापारी छापणं मात्र सूट मिळालेलं आहे आणि ते तसंच राहावं. कुणाच्या घरातल्या प्रिंटरमागे लागून काही साधत नाही. कारवाई होईल ती फाइलींच्या साठ्यांवर आणि ऑनलाइन बाजारांवर. तिथे नोंदणीचं प्रमाणपत्र हातात असेल तर तक्रार चालवणं कितीतरी सोपं जातं, कारण अशा मंचावर तक्रार तपासणारा माणूस मौलिकतेवर निबंध वाचत बसत नाही.

यावरून कॉपीराइटकडे येऊ. तुमचा प्रश्न रास्त आहे, कारण युरोपात गेल्या काही वर्षांत कॉपीराइटने उपयोजित कलेत, म्हणजे वापराच्या वस्तूंमधल्या कलेत, मोठी मजल मारली. युरोपीय संघाच्या न्यायालयाच्या २०१९ च्या कोफेमेल निकालाने सांगितलं की देखणेपणाची वेगळी अट लावायची नाही. मौलिकता असली की पुरे. २०२० मध्ये ब्रॉम्प्टनच्या घडीच्या सायकलीबद्दल न्यायालय म्हणालं की आकार तांत्रिक परिणामासाठी काही अंशी आवश्यक असला तरी त्यात कर्त्याच्या मुक्त निवडी दिसत असतील तर कॉपीराइट शक्य आहे. त्या सायकलीचं पेटंट तोवर संपलेलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याच्या खुर्चीच्या वादात ठरलं की मूळ देश तेवढं संरक्षण देत नाही म्हणून युरोपातला सदस्य देश स्वतःच्या अधिकारात संरक्षण नाकारू शकत नाही. २०२५ च्या अखेरीस मिओ आणि कोनेक्ट्रा या फर्निचर कंपन्यांच्या जोड प्रकरणात आणखी स्पष्टता आली: उपयोजित कलेला कॉपीराइटसाठी वरची पट्टी नाही, आणि उल्लंघन ठरवताना एकूण छाप नव्हे, तर सर्जनशील घटक ओळखू येतील असे उचलले आहेत का ते पाहायचं.

कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकणारा, फुकट, बिननोंदणीचा हक्क. ऐकायला छान. मग मी फक्त त्यावर भिस्त का ठेवू देत नाही? पहिलं, नक्कल झाल्याचं तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. समोरच्याने स्वतंत्रपणे तेच काढलं असेल तर कॉपीराइट हतबल ठरतो, नोंदणी मात्र तिथेही चालते. दुसरं, कोणत्या निवडी मुक्त आणि सर्जनशील होत्या हे दरवेळी न्यायालयात मांडावं लागतं, आणि एआय वापरलं असेल तर हाच भाग सगळ्यात ठिसूळ. तिसरं, सीमा ओलांडली की चित्र बदलतं. भारतात कॉपीराइट कायद्याच्या कलम १५(२) प्रमाणे नोंदणी करता येण्याजोगं पण न नोंदवलेलं डिझाइन औद्योगिक प्रक्रियेने ५० हून अधिक वेळा उतरवलं गेलं की कॉपीराइट संपतो. मोठ्या प्रमाणावर विकलेल्या उत्पादनासाठी ही फार कडक शिक्षा आहे. क्रायोगॅस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये कलाकृती आणि डिझाइन यांच्यात भेद करण्याची दोन टप्प्यांची कसोटी सांगितली: आधी ती निव्वळ कलाकृती आहे की तिच्यातून औद्योगिक प्रक्रियेने उतरलेलं डिझाइन, हे पाहायचं; मग गरज पडली तर वस्तूची मुख्य ओळख उपयुक्ततेची आहे का, हे. त्यामुळे वाद थोडे आवरतील, पण नोंदणी न केल्याची जोखीम कमी होत नाही. युरोपात कॉपीराइट आणि नोंदणी दोन्ही मागा. पण ज्या बाजारात तुमचा माल जातो तो एकच देश नसेल तर पाया नोंदणीचाच ठेवा.

आता तारीख. पूमाच्या एका बुटाची युरोपीय नोंदणी युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने ६ मार्च २०२४ रोजी रद्द ठरवली, कारण डिसेंबर २०१४ मध्ये गायिका रिहानाने घातलेल्या तशाच बुटांचे फोटो इन्स्टाग्रामवर होते आणि अर्ज आला २०१६ मध्ये. युरोपात स्वतःच्या प्रकाशनानंतर अर्ज करायला १२ महिन्यांची सवलत मिळते. ती उलटून गेली होती. फोटो बुटांचा म्हणून टाकलेलाच नव्हता, तरी बूट पुरेसे स्पष्ट दिसत होते. याच गोष्टीची दुसरी बाजू फेरारीच्या प्रकरणात दिसते: युरोपीय संघाच्या वरच्या न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं की संपूर्ण गाडीच्या प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रांतून तिच्या एखाद्या भागालाही युरोपातला ३ वर्षांचा बिननोंदणी हक्क मिळू शकतो, तो भाग चित्रात स्पष्ट ओळखू येत असेल तर. म्हणजे एकच फोटो तुमचा हक्क जन्माला घालू शकतो आणि मारूही शकतो.

सवलतीचा काळ देशागणिक वेगळा आहे, आणि काही ठिकाणी तो प्रदर्शनासारख्या मोजक्या प्रसंगांपुरताच मिळतो. इथे खरी आशा रियाध डिझाइन कायदा करारातून दिसते. जवळजवळ दोन दशकांच्या वाटाघाटींनंतर तो नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वीकारला गेला. सदस्यांनी १२ महिन्यांची सवलत द्यावी आणि अर्जदाराला अर्जाच्या तारखेपासून किमान ६ महिने डिझाइन अप्रकाशित ठेवता यावं, हे त्यात आहे. पारंपरिक ज्ञान किंवा पारंपरिक कलारूपं वापरली असतील तर ते अर्जात सांगायला लावण्याची मुभाही देशांना मिळाली आहे. कारागीर समाजांच्या नक्षी आजवर ज्या सहजतेने उचलल्या गेल्या, ते पाहता ही तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. डिझाइन म्हणजे काय, हे मात्र करार ठरवत नाही. तो अर्जाच्या रीतीपुरता आहे. १५ पक्षांनी मान्यता दिल्यावर तो लागू होईल, आणि त्यानंतरही तुमचा देश त्यात आहे की नाही हे पाहावं लागेल.

एका अर्जात अनेक देश मागण्याची हेग पद्धत १९२५ च्या कराराची. अमेरिका आणि जपान २०१५ मध्ये आले, चीन मे २०२२ मध्ये. भारत अजून बाहेर आहे, पण इथे पहिला अर्ज करून बौद्धिक संपदेच्या पॅरिस करारानुसार ६ महिन्यांत दुसरीकडे त्याच तारखेचा दावा करता येतो. तुमच्या कामाला मी हाच क्रम सुचवेन. डिझाइन पुरेसं ठरलं की गिऱ्हाइकाला, गुंतवणूकदाराला किंवा नेटवर दाखवण्याआधी एका देशात तीन-चार प्रकारच्या चित्रांसह अर्ज करा. जिथे मुभा असेल तिथे प्रकाशन लांबवा. स्क्रीनच्या रूपांचे वेगळे अर्ज करा, ती उत्पादनाच्या अर्जात कोंबू नका. मग पहिले ५ महिने बाजार बघा. कोणती आवृत्ती चालते, कोणता भाग लोक उचलू पाहतात, कुठे माल बनतो आणि कुठे विकला जातो, हे तोवर कळलेलं असतं. सहाव्या महिन्यात तेवढ्याच आवृत्त्या आणि तेवढेच देश घ्या, बाकीचं सोडून द्या.